ढगे सरांचा मनगटावरचा घाव

परवा आमच्या जुन्या शाळेचा सुवर्णमहोत्सव झाला. निवृत्त शिक्षिका म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. स्टेजवर सात तसबिरी मांडल्या होत्या, सातही तसबिरींना झेंडूचे हार. पाचव्या तसबिरीखाली लिहिलं होतं, ‘कै. किसनराव ढगे, क्रीडाशिक्षक’. संस्थेचे अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, "ढगे सरांनी या मातीतल्या मुलांना लाठी शिकवली आणि शेवटच्या दिवसापर्यंत या शाळेची सेवा केली." टाळ्या पडल्या. मी उठले आणि मांडवाबाहेर आले.

ढगे सर क्रीडाशिक्षक कधीच नव्हते. शाळेच्या कार्यालयात ते शिपाई होते. कवायतीचा तास त्यांच्यावर लादला होता, कारण दुसरं कुणी उन्हात उभं राहायला तयार नव्हतं. लाठी त्यांनी कुणालाच शिकवली नाही, उलट लाठीला ते नावं ठेवायचे. आणि शेवटच्या दिवसापर्यंत सेवा? त्यांना शाळेतून काढून टाकलं होतं. ज्यांनी काढलं त्यांच्याच घरातला माणूस माईकवर बोलत होता. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. मी स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे म्हणून नव्हे. ते पुढे येईलच.

आमचं गाव पाथरी-सोनपेठ रस्त्यावरचं. मी तिथे गणिताची बाई म्हणून लागले त्याच वर्षी ढगे सर शिपाई म्हणून लागले. वय चाळिशीच्या आसपास, बुटके, काळेसावळे, पोटऱ्या दगडासारख्या. गावात त्यांना ‘बोटवाला किसन’ म्हणत. सतरा-अठरा वर्षांचे असताना ते घरातून पळाले, मुंबईच्या गोदीत हमाली केली आणि तिथून मालवाहू बोटीवर खलाशी झाले. बारा-चौदा वर्षं समुद्रावर काढून परत आले ते एक पत्र्याची पेटी आणि वेताच्या दोन काठ्या घेऊन. बोटीवर बेर्तो नावाचा एक म्हातारा फिलिपिनी इंजिनाला तेल घालायला होता. कामाची पाळी संपली की तो डेकवर उभा राहून यांना त्याच्या बेटावरची काठी शिकवायचा. तिला ते एस्क्रिमा म्हणत. मुलांनी आठ दिवसांत त्याचं आईस्क्रीम केलं, आणि सर गावभर ‘आईस्क्रीम सर’ झाले. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

"म्हणू द्या बाई. नाव लक्षात तर ऱ्हायलं."

त्यांच्या काही सवयी विचित्र होत्या. सोमवारी ते उजव्या हातानं घंटा वाजवत, मंगळवारी डाव्या. जेवणही तसंच, झाडणंही तसंच. दोन्ही हात सारखे झाले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. कुणी समोरून आलं तर ते सरळ समोर उभे राहत नसत, अर्धं पाऊल बाजूला सरकून तिरपे उभे राहत. बोलताना तोंडाकडे न बघता हातांकडे बघत. त्यामुळे मुख्याध्यापकांना वाटायचं, हा शिपाई आपला मान ठेवत नाही. आणि मोडकी वेताची खुर्ची दिसली की त्यांचे डोळे चमकायचे. शाळेच्या अडगळीत निजामाच्या काळातल्या कचेरीतून आलेल्या खुर्च्या पडल्या होत्या. त्यांचे पाय कापून, तासून, चुलीच्या धगीवर सरळ करून त्यांनी मुलांसाठी काठ्या केल्या. हात-सव्वा हात लांब, अंगठ्याएवढ्या जाड.

"बांबू कामून नाही चालत?" मी एकदा विचारलं.

"बांबू फुटला की टोक होतं. पोरांच्या डोळ्यात जातं. वेत मार खाऊन खाऊन दोऱ्यासारखा उसवतो, पण तुटत न्हाई."

लाठीबद्दल विचारलं तर ते हात झटकत. "लाठीला मैदान लागतं बाई. चार हात इकडं, चार हात तिकडं. भांडण मैदानात होतंय व्हय? ते होतं दारात, गल्लीत, एस्टीत. तिथं लाठी फिरवाल तर भिंतीला लागंल."

त्यांच्या काठीची तऱ्हाच वेगळी होती. आपल्या तालमीत पोरगं वर्षभर जोर-बैठका काढतं, मग त्याच्या हातात काही येतं. सर पहिल्याच दिवशी काठी हातात द्यायचे. ते म्हणायचे, वार ओळखायचा तो दिशेवरून. वरून डावीकडे, वरून उजवीकडे, कमरेला, गुडघ्याला, सरळ पोटात, अशा बारा दिशा. समोरच्याच्या हातात काठी आहे की विळा की कुऱ्हाड, हे बघायचं नाही. दिशा तीच, तोडही तीच. हातातली काठी गेली तरी हाताला तेच वळण राहतं, मग मूठ चालते, कोपर चालतं. एकदा ते वर्गात आले आणि मला म्हणाले, "बाई, फळ्यावर तिकोन काढा की." मी काढला. मग त्यांनी तोच त्रिकोण मैदानावर चुन्यानं काढला आणि मुलांना त्याच्या रेषांवरून पावलं टाकायला लावली. वार येतो त्या रेषेवर थांबायचं नाही, दुसऱ्या बाजूला निघायचं आणि तिथून मारायचं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं भूमिती त्या चुन्याच्या रेघांवर शिकली, हे मी कबूल करते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोक्याला मारायचं नाही. ज्या हातात हत्यार आहे त्या हातालाच मारायचं. मनगटाला, बोटांना.

"डोकं फोडलं तर माणूस मरतो, आपण फासावर. हातातलं पाडलं तर तो घरी जातो. सापाचे दात काढले की साप आपला निस्ती दोरी." हे सांगताना ते हसायचे. बेर्तो असंच सांगायचा म्हणे.

हे मी प्रत्यक्ष पाहिलं पाथरीहून येताना. शाळेसाठी आम्ही भिंतीवरचा आशियाचा नकाशा घेऊन येत होतो, लाकडी दांड्याला गुंडाळलेला. एस्टी खचाखच भरली होती. एका प्यालेल्या माणसानं तिकिटावरून कंडक्टरवर कडबा कापायचा विळा उगारला. लोक ओरडत एकमेकांवर कोसळले. सर माझ्या पुढे उभे होते. हलायला वीतभरसुद्धा जागा नव्हती. त्यांनी डाव्या हातानं त्या माणसाचं कोपर दाबलं आणि उजव्या हातातल्या नकाशाच्या दांड्यानं त्याच्या बोटांवर एक टिचकी मारावी तसं मारलं. विळा खाली पडला. सरांनी त्यावर पाय ठेवला आणि त्या माणसाला म्हणाले, "बस बाबा खाली. पाणी पितोस का?"

आता त्या डाव्या हाताबद्दल सांगते, कारण गावाचा राग तिथूनच सुरू झाला.

या काठीत रिकामा हात कधी रिकामा नसतो. काठी अडवली की दुसऱ्या हातानं समोरच्याचं मनगट धरायचं, दाबायचं, बाजूला सारायचं. सर त्याला ‘जिता हात’ म्हणत. सराव जोडीनं. एकमेकांचं मनगट दिवसातून शंभर वेळा धरावं लागे. सरांनी जोड्या उंचीवरून लावल्या. नववीतल्या शेषराव कांबळेची उंची आणि आबासाहेबांच्या प्रतापची उंची सारखी होती. आबासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, गावातली निम्मी काळी जमीन त्यांची.

तिसऱ्या दिवशी आबासाहेब शाळेत आले. मुख्याध्यापक उभे राहिले, मीही उभी राहिले. सर दारात होते.

"किसन, काठीला काठी लागली तर आमचं काही म्हणणं नाही," आबासाहेब शांतपणे म्हणाले. "पण हाताला हात कशाला लावतोस पोरांचे? त्यांची त्यांची जोडी लाव."

"हात न्हाई लावला तर इद्या अर्धी ऱ्हाती, आबासाहेब."

"मग अर्धीच शिकव."

"अर्धी येत न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी प्रताप आला नाही. तिसऱ्या दिवशी चोरून आला आणि शेषरावसमोर उभा राहिला. त्या दोघांची जोडी जमली तेव्हा काठ्यांचा आवाज पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखा एका लयीत येई. हे प्रतापराव म्हणजे परवा भाषण करणारे अध्यक्ष. आपण काय शिकलो हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. लाठी म्हणाले ते विसरल्यामुळे नव्हे.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. रोज कुठल्या ना कुठल्या गावाची बातमी यायची. आमच्या शाळेत दलित वस्तीतली मुलं यायची बंद झाली. वस्ती शाळेमागच्या नाल्याच्या पलीकडे, आत जायला एकच गल्ली, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. माझा वर्ग माडीवर होता. तिथून ती गल्ली पूर्ण दिसायची.

त्या दिवशी पाचव्या तासाची घंटा झालीच नाही. मी खिडकीशी गेले. नाल्यावरून वीस-पंचवीस माणसं वस्तीकडे निघाली होती. कुऱ्हाडी होत्या, काठ्या होत्या, दोघांच्या हातात रॉकेलचे डबे. भर दुपारी तोंडं उघडी ठेवून निघाली होती, कारण लपायची त्यांना गरजच नव्हती. बहुतेक चेहरे माझ्या ओळखीचे, मुलांचे काका, मामा. त्यात सरांचा धाकटा भाऊ बळीरामही होता.

गल्लीच्या तोंडाशी सर उभे होते. दोन्ही हातांत वेताच्या काठ्या.

काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या माणसानं कुऱ्हाड उचलली, सर तिरपे सरकले आणि कुऱ्हाड चिखलात पडली. तो माणूस मनगट पोटाशी धरून खाली बसला. मग दुसरा. गल्ली इतकी अरुंद होती की दोनपेक्षा जास्त माणसं एका वेळी पुढे येऊच शकत नव्हती, आणि सरांच्या काठ्या आखूड असल्यामुळे कुठेच अडकत नव्हत्या. लांब काठीवाल्यांच्या काठ्या भिंतींना लागत होत्या. तिसरा बळीराम. मला वाटलं, इथे हात थांबेल. थांबला नाही. भावाच्या मनगटावर काठी बसली तेव्हा सरांनी मान दुसरीकडे फिरवली, एवढं मी पाहिलं. सहा माणसं हात धरून विव्हळायला लागली तेव्हा मागचे मागे सरले. रॉकेलचे डबे तिथेच टाकून सगळे परत गेले.

कुणाचंही डोकं फुटलं नव्हतं. एक थेंब रक्त सांडलं नव्हतं.

सर शाळेत आले, रांजणातलं पाणी प्याले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "मी ठाण्यात जायलोय. फिर्याद देतो. हे लोक पुन्हा येणार. बंदोबस्त पायजे."

वस्तीतल्यांनाही त्यांनी सांगितलं, बायकापोरं घेऊन सोनपेठकडे निघा. ते निघाले. सर एस्टीनं ठाण्यात गेले, फिर्याद द्यायला. त्यांच्या आधी आबासाहेबांचा पुतण्या हाताला फडकं बांधून पोचला होता. सरांना तिथेच बसवून घेतलं आणि कागदावर लिहिलं, ‘आरोपी स्वतःहून हजर’. काठ्या जप्त झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची प्रार्थना चालू असताना वस्ती जाळली. अडवायला कुणी नव्हतं. माणसं वाचली, कारण घरात नव्हती. पण पत्रे, भांडी, दाणे, शेषरावची पुस्तकं, दाव्याला बांधलेल्या शेळ्या, सगळं गेलं. त्या शेळ्यांचा आवाज प्रार्थनेत येत होता आणि मुख्याध्यापक मुलांना म्हणत होते, "मोठ्यानं म्हणा."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी स्टाफरूममध्ये एक कागद फिरवला. ‘सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी काल दिवसभर शाळेत उपस्थित होते. परिसरात कोणताही अनुचित प्रकार घडल्याचे कुणीही पाहिले नाही.’

"शाळेचं नाव यात येता कामा नये," ते म्हणाले. "बाई, तुम्हाला परमनंट व्हायचंय ना?"

मी सही केली. अकरा सह्यांतली आठवी सही माझी.

खटला चार वर्षं चालला. जाळपोळ करणाऱ्यांवर एकही खटला उभा राहिला नाही. सरांवर मात्र गंभीर दुखापतीचा. त्यांची शाळेतली नोकरी त्याच महिन्यात गेली. त्या चार वर्षांत सर मला बाजारात दोनदा दिसले, दोन्ही वेळा मी दुसऱ्या गल्लीत वळले.

निकालाच्या दिवशी मी तालुक्याच्या कोर्टात गेले. साक्षी आधीच झाल्या होत्या, त्या मी इतरांकडून ऐकल्या. हात मोडलेल्यांना सरांच्या वकिलानं विचारलं, गल्लीत कशाला गेला होतात? कुणी म्हणालं शेताकडे, कुणी म्हणालं वासरू शोधायला. बळीरामला विचारलं तेव्हा तो भावाकडे न बघता म्हणाला, "मला बैलानं पाडलं." आणि सरांच्या वकिलानं शेवटी तो अकरा सह्यांचा कागद पुढे केला. ढगे शिपाई, म्हणजे शिक्षकेतर कर्मचारी, तर त्या दुपारी शाळेत होते. शाळेचा स्वतःचाच दाखला. सर उठून ओरडले होते म्हणे, "मी शाळेत नव्हतो!" वकिलानं त्यांना खांदा धरून खाली बसवलं.

संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

बाहेर वकील हात मिळवायला आला तर सरांनी हात मागे घेतला. आजवर मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. कोर्टाच्या पायऱ्यांवर ते मोठ्यानं बोलत होते. "संशय कसला? कुणाला आलाय संशय? मी मारलं. ह्या हातानं मारलं. सहा जणांना. ते जाळायला आलते म्हून मारलं. हे लिवा की! हे कामून लिवत न्हाई कुणी?"

मग त्यांना मी दिसले. ते पायऱ्या उतरून आले आणि नेहमीसारखे तिरपे न राहता अगदी समोर उभे राहिले.

"त्या कागदावर तुमची सही हाय?"

"आहे."

"तुमी खिडकीत होता. मी पाह्यलं होतं तुमाला."

मी मान हलवली.

"बाई, जेल मला चाललं असतं. दोन वर्षं, तीन वर्षं. पण कागदावर लिवलेलं ऱ्हायलं असतं की ते आलते आन मी उभा व्हतो. तुमी तर मला त्या गल्लीतूनच पुसून टाकलं. मी न्हाई, ते न्हाईत, कुऱ्हाडी न्हाईत, काहीच झालं न्हाई. मग वस्ती कशानं जळली? आपोआप?"

माझ्या हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि ते निघून गेले.

पुढच्या आठवड्यात संस्थेनं त्यांना निरोप धाडला. निर्दोष सुटलात, परत कामावर या. फक्त एक अर्ज द्या की त्या दिवशी मी शाळेतच होतो, म्हणजे दप्तर जुळेल. सरांनी निरोप आणणाऱ्या कारकुनाला पाणी दिलं आणि सांगितलं, "मी गल्लीत होतो असं लिवलेलं चालत असंल तर कागद आणा. आत्ता सही करतो." कागद काही आला नाही. एवढ्यावर त्यांची नोकरी गेली ती कायमची, आणि त्याच माणसाला परवा हार घातला. क्रीडाशिक्षक!

भावकीनं त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. वस्ती पुन्हा उभी राहिली तेव्हा ते तिथेच नाल्याकडेला एक खोली बांधून राहिले आणि रोज संध्याकाळी पोरांना शिकवू लागले. मी शिकवत राहिले, परमनंट झाले, पर्यवेक्षक झाले. दर वर्षी नववीला कोन आणि त्रिकोण शिकवताना खडू हातात जड व्हायचा. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. गावात त्या दिवशी सगळे गप्प होते. दोन-तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी चार पानं लिहून घेतली, त्या दुपारी जे पाहिलं ते सगळं, नावांसकट, खाली माझी सही. आणि नाला ओलांडून गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

सर स्टुलावर बसले होते. केस पांढरे, गुडघे सुजलेले. समोर दहा-बारा मुली, काही शेतातून परतलेल्या बायका, साडीचा पदर कमरेला खोचलेल्या. शेषरावची बायको होती, त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी होती.

मी कागद पुढे केला. "सर, मी लिहून आणलंय. सगळं."

त्यांनी घेतला, डोळ्यांजवळ धरला, पहिलं पान पूर्ण वाचलं. मग घडी घालून मला परत दिला.

"बरोबर लिवलंय. बळीरामच्या हातात कुऱ्हाड न्हवती, कोयता व्हता. तेवढं दुरुस्त करा."

"कुठे देऊ हे?"

"ते तुमी बघा बाई. माझं काम मी तवाच केलं." मग आतल्या बाजूला बघून म्हणाले, "चहा टाकायला सांगू का?"

मी नको म्हणाले. त्यांनी मला क्षमा केली नाही आणि मी मागितलीही नाही. ती मागायची हिंमत मला कुठून येणार होती? ते स्टुलावरून दोन्ही हात टेकून उठले, काठी घेतली आणि शेषरावच्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले.

"हां, कर वार."

तिनं वार केला. त्यांनी अडवला. तिनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं आणि काठी त्यांच्या बोटांवर अशी बसवली की सरांच्या हातातली काठी उडून मातीत पडली. मुलगी घाबरली.

"सर, लागलं?"

सर बोटं चोळत होते. वाकून काठी उचलायला त्यांना बराच वेळ लागला, आणि कुणी पुढे झालं तर त्यांनी हातानं थांबवलं.

"लागलं," ते म्हणाले. "लागलं म्हून तर सुटली. आता पुन्हा मार."